मदत हवी आहे: अंतरावरून विमानप्रवासाचा वेळ कसा काढायचा?

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश टाकले की अंतर आणि वेळ देणारं एक्सेल शीट बनवतोय. अंतर हॅवरसाइन सूत्राने (अक्षांश-रेखांशांवरून गोल पृथ्वीवरचं अंतर काढायचं सूत्र) नीट येतं: लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके साधारण 5540 किमी. (हो, अंश रेडियनमध्ये बदललेत!)

गाडी अडलीय ती वेळेपाशी. ताशी 900 किमीने भागलं तर सव्वासहा तासही होत नाहीत. वेळापत्रकात मात्र जाताना आठेक तास, परत येताना सातेक. टाइम झोनचा फरक वजा करूनच हे सांगतोय. टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण-उतरण यासाठी सरसकट अर्धा तास वाढवून पाहिला. जवळच्या मार्गांवर जमतं, लांबच्या पूर्व-पश्चिम मार्गांवर जेट स्ट्रीम (खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा) सगळा हिशोब बिघडवतो.

फक्त थेट उड्डाणं हवीत, विकतची सेवा नको. दिशेप्रमाणे वेग कमी-जास्त करायचा एखादा ढोबळ नियम आहे का?