फुफ्फुसातली बुरशी : सगळा दोष स्टेरॉइडचाच का?

आयसीयू_सिस्टर :
काल एकाने इथे लिहिलं, "कोविडमध्ये फुफ्फुसात बुरशी झाली ती डॉक्टरांनी स्टेरॉइड ठोकलं म्हणून. व्हायरसचा काही संबंध नाही." दोन्ही लाटांत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचं सक्शन केलंय मी, हे वाचून गप्प बसवेना. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. धडधाकट श्वासनलिका ते बाहेर टाकते. व्हायरस तिचं अस्तरच सोलून काढतो, मग बुरशीला रान मोकळं. कोविडच्या आधीचं बघा : बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या ७ आयसीयूंत गंभीर फ्लूच्या ४३२ पेशंटांपैकी १९ टक्क्यांना ही बुरशी सापडली. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्यांतही १४ टक्के, आणि फ्लू नसलेल्या तशाच न्यूमोनियात ५. हा फरक कुठून आला?

नगरचा_भाऊ :
ताई, तुमचे टक्के तुमच्याजवळ ठेवा. माझ्या वडिलांना शुगर होती. ऑक्सिजन ९६ असताना तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, तीन आठवडे बंद केल्या नाहीत. शुगर ४५०. मग फुफ्फुसात बुरशी. हे व्हायरसने केलं?

आयसीयू_सिस्टर :
तुमच्या वडिलांच्या बाबतीत चूक झाली, ते मी नाकारत नाही. ऑक्सिजन न लागणाऱ्याला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा नाही हे जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं होतं. त्याच चाचणीत व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले, तेही ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस देऊन. औषधाला शिव्या घालू नका एवढंच. आणि हो, फ्लूच्या त्याच अभ्यासात स्टेरॉइडनेही धोका वाढलेला दिसला. मघाशी लिहायला हवं होतं.

लॅबवाला_दादा :
बाहेर सगळे सरसकट 'काळी बुरशी' म्हणतात, तिथेच माझं डोकं फिरतं. काळी म्हणतात ती म्युकर वेगळी, ॲस्परजिलस वेगळी. म्युकर स्वतः काळी नसतेच, मेलेलं मांस काळं दिसतं. ॲस्परजिलसला व्होरिकोनॅझोल देतात, म्युकरवर ते चालतच नाही. आणि आम्हाला पाठवता काय, तर नळीतला बेडका! त्यात ॲस्परजिलस उगवली तरी ती नुसती वस्तीला आहे की फुफ्फुस खातेय, कसं सांगणार? फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यावर गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीचा अंश शोधणारी टेस्ट, करा. रक्तातली टेस्ट यात बऱ्याचदा निगेटिव्हच येते.

तालुक्याचा_डॉक्टर :
दादा, एसीत बसून सांगणं सोपं आहे. एप्रिल २०२१ मध्ये ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे फुफ्फुसात घालायची दुर्बीण, होता कुणाकडे? होता तिथेही तुषार उडतील म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी एक्स-रे बघून अंदाजाने औषध सुरू केलंय, आणि त्यातले काही पेशंट आज चालतेबोलते आहेत.

लॅबवाला_दादा :
आणि अंदाज चुकला ते?

तालुक्याचा_डॉक्टर :
ते मला तुमच्यापेक्षा जास्त आठवतात.

मीनल_ठाणे :
टेस्टचं सोडा, बुरशीवरचं इंजेक्शन कुठे होतं? लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या ६ व्हायल. रोज! केंद्र राज्यांना मोजून कोटा देत होतं. मी चार दिवस फिरून ९ व्हायल मिळवल्या. शेवटी भावाला साधं अ‍ॅम्फो दिलं, किडनीचं क्रिएटिनिन ४ वर गेलं. म्युकरमधून वाचला, आज किडनीच्या डॉक्टरकडे फेऱ्या चालू आहेत.

नगरचा_भाऊ :
आम्हीही त्याच रांगेत होतो. पहाटे चारला आधार कार्ड, प्रिस्क्रिप्शन, पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन. आत गेलं की म्हणायचे उद्या या. तेव्हा आयसीयूतलं कुणी बाहेर येऊन दोन शब्द बोललं नाही.

आयसीयू_सिस्टर :
पीपीई किटमध्ये सहा तास पाणी न पिता उभ्या होतो आम्ही. कुणी बोललं नाही म्हणता? एका रात्रीत एका वॉर्डात पाच जण गेले. कुणाकुणाशी बोलणार होते?

मीनल_ठाणे :
दोघंही थांबा. भाऊ, वडिलांची बुरशी नेमकी कोणती होती?

नगरचा_भाऊ :
कल्चर ते गेल्यावर तीन दिवसांनी आलं. फाइलमध्ये तसंच होतं, आत्ता काढून पाहिलं. ॲस्परजिलस फ्युमिगेटस लिहिलंय. म्हणजे आम्ही चुकीच्या इंजेक्शनसाठी रांगेत होतो का?

लॅबवाला_दादा :
नाही भाऊ. अ‍ॅम्फोटेरिसिन फ्युमिगेटसवरही चालतं. पहिली पसंती व्होरिकोनॅझोल, पण तुम्ही आणत होता ते औषध चुकीचं नव्हतं.