पागडी म्हणजे डिपॉझिट का?

प्रश्न : मुंबईत ‘खोली पागडीची आहे’ म्हणतात. ही पागडी म्हणजे डिपॉझिटच ना? आणि पगडीशी तिचा काही संबंध?

— डिपॉझिट नव्हे. डिपॉझिट घर सोडताना परत मिळतं. पागडी घरमालक परत करत नाही. भाडेकरू ती पुढच्या भाडेकरूकडून वसूल करतो आणि त्यातला हिस्सा मालकाला देतो. साधारण तिसरा हिस्सा, पण तो ठरतो घासाघीस करून. पगडीबद्दल म्हणाल तर गुजरातीत ‘पाघडी’ला डोक्यावरचं पागोटं आणि जागेसाठी द्यायची रक्कम असे दोन्ही अर्थ आहेत. मुंबईच्या बाजारपेठेत शब्द तिथूनच आला असावा.

— यात कायद्याची गोष्ट हवी, नाहीतर अर्थ अर्धाच राहतो. 1947च्या मुंबई भाडे कायद्यानं ‘प्रमाण भाडं’, म्हणजे मालकाला कायद्यानं घेता येणारं भाडं, 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकलं. जागेची किंमत वाढत गेली, भाड्याच्या पावतीवरचा आकडा मात्र तिथेच. मग उरलेलं भाडं मालकानं एकरकमी, रोखीत आणि बिनपावतीचं घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. असे पैसे घेणं तेव्हा गुन्हा होता, तरी सगळं शहर घेत-देत होतं! 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56नं ते कायदेशीर केलं. त्याच कायद्यानं मालकाला वर्षाला 4 टक्के भाडेवाढही दिली. पण मूळ आकडाच इतका किरकोळ की त्यात जिन्याची एक पायरीसुद्धा दुरुस्त होत नाही.

— म्हणजे कायदा वाईट, असंच ना? गिरण्या बंद पडल्यावर याच ‘किरकोळ’ भाड्यामुळे कितीतरी कुटुंबं लालबाग-परळमध्ये टिकली, हे विसरू नका.

— टिकली, अगदी खरं. पण ज्यांच्याकडे पावती होती ती टिकली. नव्यानं आलेल्या हमालाला किंवा घरकामवालीला दरमहा शंभर रुपयांची खोली दिसते स्वस्त, आणि आत शिरायला लाखांनी पागडी लागते. एवढी रक्कम तिला कोण उधार देणार? ती झोपडपट्टीत जागा शोधते. उलट जुनी पावती वारशानं मिळालेला, चांगल्या पगाराचा माणूसही तेच शंभर रुपये भरतो. कायदा उत्पन्न विचारत नाही, ताबा विचारतो.

— पोटभाडेकरू राहिला की! मूळ भाडेकरू मालकाला जुनं भाडं देतो आणि पोटभाडेकरूकडून बाजारभावानं घेतो. स्वस्ताईचा फायदा मधल्या मध्येच जिरतो.

— आणखी एक शब्द याच गोतावळ्यातला : ‘अकरा महिने’. 1 फेब्रुवारी 1973ला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता नुसत्या राहण्याच्या परवानगीच्या करारावर, राहत असलेल्यांना कायद्यानं भाडेकरू करून टाकलं. तेव्हापासून मालक जे बिचकले ते बिचकलेच. कुलूप लावून ठेवतील, पण घर द्यायचे नाहीत; दिलं तर अकरा महिन्यांच्या करारावर. म्हणून ‘भाड्यानं राहतो’ म्हटलं तरी पुढचा विचारतो, पागडीवर की अकरा महिन्यांवर? पहिल्याला सहजासहजी कोणी काढू शकत नाही, दुसऱ्याचं घर दर वर्षी नव्यानं ठरतं.

— वापराबद्दल एक. ‘पागडी दिली’ म्हणजे जागा घेतली, पण ‘पावती नावावर केली’ म्हणेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं धरू नका. पैसे दिले आणि पावती जुन्याच नावानं फाटत राहिली, अशी भांडणं चाळीचाळीत सापडतील.