बाळ मारिओला हाकलायला निघालेल्यांसाठी

आळशी_अस्वल
कालच्या रोस्टरच्या (मारिओच्या व्हिडिओ गेममध्ये निवडायला मिळणाऱ्या पात्रांच्या यादीच्या) धाग्यात निळंकासव यांनी जाता जाता एक पिंक टाकली : "मोठ्या पात्रांची बाळं म्हणजे जागा अडवायचा धंदा. डोकं मोठं करा, हातपाय आखूड करा, झालं नवं पात्र. सगळी काढून टाका, कुणाला कळणारही नाही." खाली धडाधड +१. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मला कळेल हो. १९९५ चं योशीज आयलंड खेळलेल्या कुणालाही कळेल. त्यात मारिओ नायक नाहीच, ओझं आहे. योशी या डायनासोरच्या पाठीवर बसलेलं. योशीला फटका बसला की बाळ बुडबुड्यात तरंगायला लागतं, भोकाड पसरतं आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते. शून्याच्या आत पकडलं तर ठीक, नाहीतर कामेक या दुष्ट जादूगाराचे चेले उचलून नेणार. पकडल्यावर आकडा आपोआप हळूहळू पुन्हा दहापर्यंत भरतो. म्हणजे फटके कितीही खा, खेळाला त्याचं फारसं काही नाही. पण बाळाला हवेत सोडून नाणी वेचत बसलात तर संपलात. साधी जीवाची पट्टी लावून हे झालं असतं? आणि बुडबुड्यात मिशीवाला मारिओ रडत असता तर आपण त्याला वाचवायच्या ऐवजी हसलो असतो.

२००५ चं पार्टनर्स इन टाइम घ्या. मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी, दोन मोठे, दोन बाळं आणि लढाईत चौघांना चार वेगळी बटणं. ऐन गडबडीत कुणाचं बटण कुठलं हे विसरलात की मार खाल्लाच. २००६ च्या योशीज आयलंड डीएसमध्ये तर बाळ बदललं की योशीचं काम बदलतं : पीचची छत्री वाऱ्यावर तरंगवते, वारिओ चुंबकाने नाणी ओढतो, डीके, म्हणजे डाँकी काँग वानर, वेलींना लटकतो.

मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळातली बाळं रिकामटेकडी आहेत, मान्य. तो दोष कार्ट बनवणाऱ्यांचा. त्यासाठी सगळ्यांना घराबाहेर का काढताय?

निळंकासव
ताई, मी कार्टबद्दलच बोलत होतो. तुम्ही योशीवर निबंध लिहून आणलात. योशीज आयलंड भारी आहे, त्यावर भांडतंय कोण? माझं म्हणणं एवढंच : २०१४ च्या मारिओ कार्ट ८ मध्ये बाळ मारिओ, बाळ लुइजी, बाळ पीच, बाळ डेझी, आणि वर नवीकोरी बाळ रोझालिना. शिवाय मेटल मारिओ आणि पिंक गोल्ड पीच, म्हणजे जुन्याच भांड्यांना कल्हई. ही बाळ रोझालिना कुणी मागितली होती? एक माणूस दाखवा.

मनकवडी
मी तरी नाही मागितली. २००७ च्या मारिओ गॅलॅक्सीत रोझालिनाचं ते गोष्टीचं पुस्तक आहे, एकेक प्रकरण उघडत जातं. एक लहान मुलगी, आईची वाट बघणारा एक लुमा (ताऱ्याचं पिल्लू), दोघं मिळून आईला शोधायला निघतात. आणि मग उमगतं की मुलीची स्वतःची आई टेकडीवरच्या झाडाखाली चिरनिद्रा घेतेय. मारिओच्या खेळात असं काही येईल अशी कुणाला अपेक्षा होती? मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती बसून राहिले होते. तिचं लहानपण सांगून झालंय, आणि फार जपून सांगितलंय. त्यानंतर हे किंचाळत वळणं घेणारं बाहुलं कशाला? बाकी चौघं राहू देत. हिला आधी काढा.

डिडीन्याय
आणि डीकेचा छोटा सवंगडी डिडी काँग? २००३ च्या डबल डॅशमध्ये होता. २००८ मध्ये वी या कन्सोलवरच्या कार्टमध्ये होता. ८ मध्ये गायब. बाळ रोझालिनाला जागा आहे, डिडीला नाही. आला कधी, तर २०२३ च्या नोव्हेंबरात, विकतच्या ट्रॅकपॅकच्या शेवटच्या हप्त्यात. २०२५ च्या मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये पुन्हा बाहेर. पाचही बाळं आहेत. गाय आहे. गाय!

खवचट_काकू
डिडी आला, आता धागा सुरू झाला म्हणायचा. आणि गायीला नावं ठेवायची नाहीत. त्या सगळ्या रोस्टरमध्ये तेवढंच एक समजूतदार पात्र आहे.

दोनबटणी
तुम्ही सगळे रोस्टर स्वतःपुरतं मोजताय. आमच्याकडे वी होतं तेव्हा धाकटी बहीण कायम बाळ डेझी घ्यायची. का, तर "ती माझ्याएवढी आहे." वळणं तिला जमायची नाहीत, दर फेरीत खड्ड्यात. पण हलकी पात्रं पडल्यावर लगेच वेग पकडतात, त्यामुळे ती शर्यतीत टिकून तरी असायची. आम्ही मोठे, बाउझरसारखं जड पात्र घेऊन ताठ्यात, आणि एकदा धडकलो की गाडी हलायला तयार नाही. तिला ते बाळ नसतं तर ती दुसऱ्या दिवशी खेळायला आलीच नसती.

निळंकासव
टोड पण हलकाच असतो. नोंद घ्या.

दोनबटणी
तिला टोड आवडत नव्हता. नोंद घ्या.

जुनं_काडतूस
त्या रडण्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्याकडे योशीज आयलंड आलं तेव्हा घरात धाकटा भाऊ तान्हा होता. इकडे मारिओने सूर लावला की आई हातातलं काम टाकून धावत यायची. भाऊ पाळण्यात ढाराढूर. शेवटी एकदा तिने काही न बोलता पिनच उपटली, मी बॉसच्या दारात असताना. तो आवाज ज्याने पास केला त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

असो. खरी गोची बाळ डीकेची आहे. १९८१ च्या आर्केडमधला डाँकी काँग म्हणजे आजचा म्हातारा क्रँकी, हे १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीपासून ठरलंय. त्याच्याशी झुंजणारा मारिओ तेव्हा चांगला मिशीवाला बाप्या. आजचा डीके त्या क्रँकीचा मुलगा किंवा नातू. मग २००६ मध्ये बाळ मारिओ आणि बाळ डीके एका वयाचे कसे?

डिडीन्याय
मुलगा की नातू ते आधी ठरवा. १९८२ चा डाँकी काँग ज्युनियर आठवतोय का? मारिओने बापाला पिंजऱ्यात घातलंय आणि पोरगं सोडवायला निघालंय. तोच मोठा होऊन आजचा डीके झाला. १९९२ च्या कार्टमध्ये ज्युनियर, १९९६ च्या कार्टमध्ये त्याच्या जागी डीके. सरळ हिशोब आहे.

जुनं_काडतूस
हिशोब कसला डोंबलाचा. २००० च्या मारिओ टेनिसमध्ये ज्युनियर आणि डीके दोघंही खेळाडू आहेत. नेटच्या दोन बाजूंना उभे करा. एकच माणूस इकडून सर्व्ह करून तिकडून परतवेल का?

खवचट_काकू
माणूस नाही हो, वानर.

डिडीन्याय
टेनिसच्या खेळावरून वंशावळ ठरवणारे तुम्ही पहिलेच. डीके ६४ शेवटपर्यंत खेळलात का कधी?

जुनं_काडतूस
तुम्ही कंट्रोलर धरायला शिकत होतात तेव्हा खेळून संपवलं होतं. आवाज खाली.

आळशी_अस्वल
भांडा खुशाल, पण एक सांगा. त्याच मारिओ टेनिसमध्ये मारिओ आणि बाळ मारिओही दोघं आहेत. त्यांनाही नेटच्या दोन बाजूंना उभं करता येतं. मग तुमच्या न्यायाने बाळ मारिओ हा मारिओच नव्हे?

जुनं_काडतूस
ते वेगळं.

आळशी_अस्वल
कसं?

जुनं_काडतूस
बाळ म्हणजे तोच, ज्युनियर म्हणजे मुलगा. बाळ बाउझर १९९५ चा, तो बाउझर स्वतः. बाउझर ज्युनियर २००२ च्या सनशाइनमधला, तो त्याचा पोरगा. दोन वेगळी पोरं, कुणाचा गोंधळ होत नाही.

डिडीन्याय
२००२ चा नियम १९८२ ला लावताय. शाबास.

मनकवडी
आणि तरी बाळ डीकेचं उत्तर मिळालं नाहीच. ज्युनियरच आजचा डीके असेल तर मारिओ बाप्या असताना तो पोरगा होता. नातू असेल तर आणखीच लहान. कसंही फिरवा, दोघं एकत्र तान्हे असूच शकत नाहीत.

निळंकासव
बघा, बाळं आणली की हेच होतं. क्रॅश बँडिकूट या दुसऱ्या गेमचं तसंच. १९९८ च्या वॉर्प्डच्या शेवटी काळयंत्र कोसळतं आणि कॉर्टेक्स आणि एन. ट्रोपी हे खलनायक बाळं होतात. झकास. जगावर राज्य करायला निघालेल्यांची ती फजिती बघायला मजा येते. २०१९ च्या नायट्रो फ्यूल्डमध्ये ती दोन बाळं गाडीत बसवली, तेही चालेल. पण बरोबर बाळ क्रॅश आणि बाळ कोको? अहो, क्रॅश आधी साधा जंगली प्राणी. कॉर्टेक्सच्या यंत्रातून गेल्यावर तो क्रॅश झाला. यंत्राच्या आधीचं पिल्लू स्टिअरिंग धरतं कसं?

आळशी_अस्वल
म्हणजे गोष्टीत ज्या बाळाला काम आहे ते तुम्हालाही चालतं. मी वर दुसरं काय लिहिलंय?

निळंकासव
तुम्ही चार परिच्छेदांत लिहिलंत, मी एका फजितीत. बरं, घ्या : योशीच्या पाठीवरची सगळी ठेवा, कॉर्टेक्स ठेवा, आणि कार्टमध्ये एक बाळ डेझी ठेवा, दोनबटणींच्या बहिणीच्या नावाने. पाटीसुद्धा लावू. उरलेली उद्या सकाळी बाहेर.

दोनबटणी
पाटी नको. बहीण आता फंकी काँगशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावत नाही.

डिडीन्याय
फंकी! ८ मध्ये तोसुद्धा त्याच शेवटच्या हप्त्यात आला. बोला आता.