गाडीत झोपलं तर गुन्हा होतो का?

होटगीरोडकर:
परवा सासऱ्यांना अ‍ॅडमिट केलं. वॉर्डात एकच माणूस थांबू देतात त्यामुळं बायको वर आणि मी खाली रस्त्याकडेला गाडीत, नो पार्किंगचा बोर्ड नाही काही नाही, सीट मागं टाकली, चादर घेतली (आपलीच, सोलापुरी) आणि पडलो. रात्री दोनला काचेवर काठीची टकटक. "इथं झोपता येत नाही, गुन्हाय." कुठल्या कलमाखाली विचारलं तर "शहाणपणा नको, लायसन काढा". गपगुमान गाडी हलवली. पण स्वतःच्या गाडीत झोपणं गुन्हा कधीपासून झाला?

भाकरी चटणी:
गुन्हा बिन्हा काही नाही बे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात झोपेबद्दल अक्षर नाही. कलम १२२ म्हणतं की लोकांना धोका, अडथळा होईल अशी गाडी सोडू नका. १२७ म्हणतं की कुणी नसलेली गाडी दहा तासांच्या वर रस्त्यावर पडली, किंवा नो पार्किंगला लावली, तर उचलता येते. तुम्ही आत घोरत होता म्हणजे 'कुणी नसलेली' कशी? लायसन मात्र गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की दाखवावंच लागतं, तिथं वाद घालू नका.

तळ्याकाठचा:
कलमं पाठ आहेत, छान. एकदा गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्याकडं राहायला या. जानेवारीत होम मैदानाच्या आजूबाजूला पाय ठेवायला जागा नसते, बोळात गाड्या, गाडीत माणसं, सकाळी दार उघडलं की टूथपेस्टचा फेस आणि बाटल्या, आणि एकानं तर पोराला आमच्या नळाशीच बसवलेलं. कायदा नसेल तर करा!

होटगीरोडकर:
काका, घाण करणाऱ्याला दंड लावा की. झोपणाऱ्यानं काय केलंय?

तळ्याकाठचा:
जो झोपतो तो सकाळी उठतो, आणि उठला की त्याला जावं लागतं. कुठं जाणार?

बदली ड्रायव्हर:
मी सांगतो कुठं जातो ते. पार्टी घेऊन अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर एका फेरीत करतो, रात्री पार्टी लॉजवर एसीत आणि आम्ही गाडीत, भाड्यात ड्रायव्हरची खोली कुणी धरतच नाही. पेंगत हायवेला चालवू का मग? मार्केट यार्डात कांदा घेऊन आलेले शेतकरी टेंपोतच झोपतात, त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही, कारण कांदा पाहिजे सगळ्यांना.

तळ्याकाठचा:
खोली मालकानं द्यावी. त्याचे पैसे वाचावेत म्हणून माझा बोळ का?

रात्रपाळी:
मी पहाटे पाचला एकटी चालत येते. काळ्या काचा, आत दोन पुरुष आडवे, मला काय कळणार पेशंटचा नातेवाईक आहे का दुसरंच कोण? पोलिसांनी टकटक केली ते बरोबरच केलं. 'गुन्हाय' म्हणून खोटं सांगायची गरज नव्हती, एवढंच.

पार्क चौक:
आणि पिऊन झोपलो तर? चालवतच नाही म्हटल्यावर सेफ ना?

भाकरी चटणी:
१८५ कलम गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला लागतं, १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅच्या वर अल्कोहोल सापडलं तर. आता ड्रायव्हर सीटवर, किल्ली लावलेली, इंजिन चालू आणि म्हणे 'मी झोपलो होतो', हे कोर्टात पटवत बसा. रिक्षा करा आणि घरी जा.

बदली ड्रायव्हर:
इंजिन चालू वरून आठवलं. उन्हाळ्यात एसी लावून, काचा बंद करून झोपू नका. सायलेन्सर कुठं लीक असला तर कार्बन मोनॉक्साईड आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पोलीस परवडला. इंजिन बंद, काच थोडी खाली, मच्छर चावू देत.

होटगीरोडकर:
सासऱ्यांना अजून दोन दिवस ठेवणारेत, म्हणजे आज परत तेच. कुठं लावू?

बदली ड्रायव्हर:
पंपावर विचारून लावा. तेल भरलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही आणि संडास पण असतो, काकांचा प्रश्न मिटला.

तळ्याकाठचा:
कुठंही लावा, आमचा बोळ सोडून. सासऱ्यांची तब्येत कशीय आता?