नॅनो पावडरची धूळ मोजायची आहे, मदत हवी आहे (नाशिक, अंबड एमआयडीसी)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ अंबडला कोटिंगच्या छोट्या युनिटमध्ये कामाला आहे. तिथे नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर मिक्सरमध्ये ओतताना पांढरी धूळ उडते, आणि पोरं नुसता रुमाल बांधतात. इतके सूक्ष्म कण थेट फुफ्फुसात खोल उतरतात, रुमालाने काय अडणार? अमेरिकेच्या नायॉश (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी) संस्थेने 2011 मध्ये साध्या बारीक पावडरसाठी हवेत घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, तर नॅनोसाठी फक्त 0.3 मिलिग्रॅम मर्यादा सुचवली. एवढा फरक उगाच नसणार. पावडर द्रावात मिसळली की धूळ उडत नाही, खरी काळजी ओततानाचीच.

सातपूर-अंबडकडे अशी धूळ मोजून देणारं कुणी आहे का? मास्क एन95 पुरेल की पी100 (त्याहून जास्त धूळ गाळणारा) घ्यावा? धूळ ओढणारा हूड कुणी बसवला असेल तर खर्चही सांगा, मालकांशी बोलायचं आहे.