मदत हवी आहे : घरीच फ्यूल पंप बदलायचा आहे, गणेश चवथीला चारच दिवस राहिले

पर्वरीकर (मंगळवार, रात्री)
गाडी परवा संध्याकाळपासून बंद. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण स्टार्ट होत नाही. फ्यूल पंप गेलाय. नेहमीच्या मेस्त्रीचं गॅरेज बंद आहे, दुसरा म्हणतो चवथ झाल्यावर आणा. शनिवारी सगळ्यांना घेऊन सत्तरीत मूळ घरी पोचायचंच आहे, आणि आईला गुडघ्यांमुळे बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत. मागची सीट काढली आहे, झाकण दिसतंय. पंप टाकीत घट्ट धरून ठेवणारी ती मोठी रिंग कशी फिरवायची एवढंच सांगा. पाने वगैरे आहेत. लवकर उत्तर द्या, प्लीज.

फोंडेकर
गाडी कुठली? साल? पेट्रोल की डिझेल? पंप गेला हे कोणी सांगितलं?

जुनीगाडी६२
डिझेल असेल तर आधी एअर काढा. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा गोळा असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. माझ्या जीपला २० वर्षं हेच करतोय. पंपाला हात लावायची गरजच पडत नाही.

पर्वरीकर
पेट्रोल. २०११ ची हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या भांडणात जाईल. पंप गेला हे मलाच कळलं, चावी लावल्यावर मागून आवाज येत नाही.

मल्टीमीटर
आवाज येत नाही म्हणजे पंप चालत नाही. पंप गेलाच असं त्यावरून म्हणता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि यातच लोकांचे हजारो रुपये जातात. चावी ऑन केली की दोनेक सेकंद पंप घरघरतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. तो आवाज नसेल तर फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच), वायर, अर्थिंग आणि मग पंप, या क्रमाने बघायचं. फ्यूज बघितला का? रिले बदलून बघितला का? हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम आहे. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या कुलपाचा) दिवा लुकलुकतोय का, तेही सांगा.

रानमाणूस
एवढं कशाला? एअर फिल्टर काढा, झाकणभर पेट्रोल आत टाका, सेल्फ मारा. क्षणभर पेटली तर पंपच गेला. आमच्याकडे वाळपईत सगळे हेच करतात.

फोंडेकर
रानमाणूस, कृपा करून हे कोणाला सांगू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट तोंडावर येते. माझ्या चुलतभावाच्या भुवया आणि पुढचे केस असेच गेले, डोळे वाचले ते नशीब.

पर्वरीकर
फ्यूज ठीक. हॉर्नचा रिले घालून बघितला, फरक नाही. इमोबिलायझरचा दिवा विझतो. आता रिंगचं सांगता का?

मल्टीमीटर
अजून नाही. मीटर आहे का? पंपाच्या कपलरवर (वायरच्या जोडणीवर) व्होल्टेज बघा, पण कपलर काढून नाही. लावलेला असतानाच मागच्या बाजूने तारेजवळ बारीक सुई सरकवून बघायचं. काढलेल्या कपलरवर १२ दिसतात आणि लोड आला की ५ वर येतात. गंजलेल्या अर्थिंगचं हेच लक्षण आहे. आपल्या हवेत हिरवी बुरशी चढलेल्या पिना मी कितीतरी पाहिल्या आहेत. चावी दुसरा कोणीतरी फिरवू दे.

ई_वीस
पंप जाण्याचं कारण कोणी बोलत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. २०११ च्या गाडीचे रबर आणि सील त्यासाठी बनवलेलेच नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

फोंडेकर
पाण्याचं बरोबर आहे. पण चौदा वर्षांच्या पंपाचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजणारच, त्याचं खापर सगळं पेट्रोलवर नको. पर्वरीकर, गाडी कायम रिझर्व्हवर चालवता का? पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे.

पर्वरीकर
हो, मी दोनशे-तीनशेचंच टाकत असे. पण या वेळी गावी जायचं म्हणून परवा फुल केली आणि घरी येऊन लावली, ती तेव्हापासून बंद.

मल्टीमीटर
टाकी फुल आहे??

फोंडेकर
थांबा. रिंगला हात लावू नका. फुल टाकीवर ती उघडली तर पेट्रोल झाकणाच्या काठावरून थेट सीटखालच्या पत्र्यावर येईल. आणि गाडी उभी कुठे आहे?

पर्वरीकर
घराखालच्या शेडमध्ये. तीन बाजूंना भिंत, पावसाची झड येते म्हणून शटर अर्धं खाली. वास थोडा येतोय. कोपऱ्यात टाकीवर पाणी चढवायची मोटर आहे, बाकी काही नाही.

फोंडेकर
मोटर ऑटोमॅटिक आहे का? वर पाणी संपलं की आपोआप चालू होणारी?

पर्वरीकर
हो.

फोंडेकर
बाब, हे वाचून माझे हातपाय गार पडले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते आणि कोपऱ्यात साचते. उणे ४० अंशाच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, आपल्याकडे तर विचारूच नका. तुमची मोटर जमिनीलगत आहे. वर कोणी आंघोळ केली, पाणी संपलं, स्विच पडला, तर एक ठिणगी पुरे. आत्ता करायचं ते असं. शटर पूर्ण उघडा आणि वास जाईपर्यंत शेडमधल्या एकाही बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. मोटरची लाइन वरच्या मेन बोर्डावरून बंद करा. मग गाडी ढकलून अंगणात घ्या. पाऊस आला तर काम थांबवायचं, पण काम अंगणातच. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावत असाल तर तो काम होईपर्यंत आत देवघरात.

पर्वरीकर
शेजारच्या दोघांना बोलावून गाडी बाहेर काढली. मोटर मेनवरून बंद. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आभारी आहे.

माटोळी
विषयांतर होतंय, पण सत्तरीत जाताच आहात तर माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताला) कांगलां आणि घागऱ्यो तिथेच रानात मिळतील. म्हापशाच्या बाजारात आदल्या दिवशी दर विचारवत नाहीत. गाडी सुरू झाली नाही तर आमच्या गाडीत आईंसाठी एक जागा आहे. आम्ही शनिवारी सकाळी पर्वरीवरूनच जाणार.

पर्वरीकर
ताई, तुमचे उपकार. शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवतो.

(बुधवार) कपलरवर बायकोने चावी फिरवल्यावर ११.९ आले, दोन सेकंद. आवाज नाही.

मल्टीमीटर
म्हणजे वायर, रिले, अर्थिंग सगळं ठीक आहे. एक शेवटची खात्री. वहिनींना चावी ऑन करायला सांगा आणि त्याच वेळी टाकीला खालून रबरी हातोडीने हलकेच ठोका.

पर्वरीकर
चालला! घर्र करून आवाज आला आणि गाडी सुरू झाली. पाच मिनिटं ठेवून बंद केली. पुन्हा ठोकल्याशिवाय उठत नाही.

मल्टीमीटर
ब्रश संपले. आता पंप गेला म्हणायला हरकत नाही.

रानमाणूस
मग ठोकत ठोकत वाळपईला या की! आल्यावर बघू.

मल्टीमीटर
अनमोड नाहीतर चोर्ला घाटाच्या चढावर, आईंना मागे बसवून, पावसात बंद पडली तर? नको.

पर्वरीकर
घाट लागत नाही मला, पण नकोच. टाकी रिकामी कशी करू? नळी तोंडाने ओढू का?

फोंडेकर
तोंडाने अजिबात नाही. पेट्रोल पोटात गेलं त्यापेक्षा छातीत गेलं तर भयंकर, थेंबभरही फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनियासारखं होऊन माणूस दवाखान्यात जातो. आणि चुकून गिळलं तर उलटी काढायची नाही. हार्डवेअरच्या दुकानात मधे गोळा असलेला हातपंप मिळतो, तो आणा.

वकीलसाहेब
एक कायद्याची गोष्ट. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको, काचेचं किंवा चिनीमातीचं भांडं असेल तर एकाच लिटरपर्यंत. पाण्याच्या बाटल्या आणि बालद्या भरून ठेवू नका. निघालं तसं दुसऱ्या गाडीत ओता.

पर्वरीकर
(गुरुवार) नळी तिरकी फिरवत आत गेली. २२ लिटर काढलं. थोडं भावाच्या गाडीत, थोडं शेजाऱ्यांच्या. आता पार्ट. पंपाची नुसती मोटर १४०० सांगतात, अख्खं मॉड्यूल (मोटर, गाळणी, फ्लोट सगळं एकत्र) साडेसहा हजार. काय घेऊ?

जुनीगाडी६२
नुसती मोटर घ्या. बाकीचं प्लास्टिक तर तेच. उगाच पाच हजार का घालवायचे?

फोंडेकर
चौदा वर्षं पेट्रोलमध्ये भिजलेल्या प्लास्टिकच्या कड्या उघडताना तुटतात. तुटली एक तर ना जुनं बसेल ना नवं, आणि उद्या शुक्रवार आहे. वेळ असता तर मीही मोटरच सांगितली असती.

मल्टीमीटर
मोटर घेतली तर गाळणी आणि ओ-रिंग (झाकणाखालचं रबरी कडं) वेगळी मागून घ्या. हे विसरले की सगळं पुन्हा. पण शनिवार गाठायचा असेल तर फोंडेकर म्हणतात ते बरोबर.

जुनीगाडी६२
ओ-रिंगला थोडं सिलिकॉन लावा, नव्याची गरज नाही.

मल्टीमीटर
पेट्रोलमध्ये साधं सिलिकॉन फुगतं आणि तुकडे सुटून गाळणीत जातात. आणि जुनी ओ-रिंग एकदा बाहेर निघाली की फुगलेली असते, खाचेत परत बसतच नाही. नवीच लागते. दादा, तुमच्या अनुभवाचा मान आहे, पण या एका गोष्टीत नाही.

पर्वरीकर
मॉड्यूल आणलं, ओ-रिंगसकट. आता तरी रिंग सांगा!

फोंडेकर
आता सांगतो. पंपाचा फ्यूज काढा, सेल्फ दोन-तीनदा मारा म्हणजे लाइनमध्ये उरलंसुरलं प्रेशर जाईल. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. झाकणाभोवतीची सगळी माती आधी ओल्या फडक्याने पुसा, व्हॅक्यूम क्लीनर चालवू नका. पाइपचा क्लिप दोन्ही बाजूंनी दाबून, फडकं गुंडाळून ओढा, थोडं उडतंच. मॉड्यूलवर बाण असतो, त्याच्यासमोर टाकीवर खडूची खूण करा. रिंग डावीकडे फिरते. लाकडाचा ठोकळा तिच्या कंगोऱ्याला लावून लाकडावर ठोका, लोखंडी छन्नी नको. एकदम सुटत नाही, गोल फिरत थोडंथोडं. मॉड्यूल सरळ वर उचलू नका, फ्लोटचा (काट्यासाठी पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा) दांडा अडकतो, तिरकं करून काढा. भुकटीचा अग्निशामक हाताशी ठेवा, पाण्याची बालदी या आगीला चालत नाही. आणि मोबाइल घरात.

पर्वरीकर
(शुक्रवार, रात्री ९) झालं. रिंग हलायलाच अर्धा तास लागला, चिंचेच्या लाकडाचा तुकडा घेतला होता, तो मधोमध फाटला पण रिंग सुटली. जुनी गाळणी बघून धक्का बसला. पांढरी जाळी असते ना, ती चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली होती आणि खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा चिखल. जुनी ओ-रिंग काढताच बोटावर लांब झाली, नवीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी. नवी खाचेत कोरडी बसवली, मॉड्यूल खुणेवर आणून रिंग घट्ट केली. चावी चार वेळा नुसती ऑन-ऑफ केली, टॉर्चने सगळीकडे बघितलं, कुठेही ओल नाही. पाचव्या वेळी सेल्फ मारला आणि पहिल्याच फटक्यात सुरू.

एकच अडचण. टाकीत १६-१७ लिटर आहे, काटा मात्र तळाला चिकटलाय. हलत नाही.

मल्टीमीटर
अभिनंदन. फ्लोटचा दांडा आत घालताना आतल्या आडव्या पत्र्याला अडकला किंवा वाकला असणार. पंपावर त्याचा परिणाम नाही. आत्ता रात्री उघडू नका.

फोंडेकर
अनुमोदन. उद्या निघताना किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि काटा विसरा. १६ लिटरमध्ये सत्तरी जाऊन-येऊन भरपूर उरतं. सीट बसवण्यापूर्वी सकाळी एकदा झाकणावर नाक लावून वास घ्या, रात्रभर उभी राहिल्यावर गळती असेल तर तेव्हाच कळते.

जुनीगाडी६२
काट्यासाठी डॅशबोर्डवर हलकेच चापट मारून बघा.

पर्वरीकर
(रविवार) सकाळी वास नव्हता. काल दुपारी पोचलो, आई पुढच्या सीटवर बसून आली. माटोळी ताई, कांगलां खरंच घरामागे मिळाली. दगडगोट्यांच्या रस्त्यावर गाडी जोरात हादरली आणि काटा उठून अर्ध्याच्या खाली आला, तेव्हापासून हलतोय. पण चढावर कधी कधी परत पडतो, म्हणजे दांडा कुठेतरी घासतो. पुढच्या रविवारी उघडतो. ओ-रिंग आणखी एक आधीच आणून ठेवू की हीच आठवड्यात चालेल?

मल्टीमीटर
आणून ठेवा. आठवड्यातही फुगते.