रक्त आलं की भीती गेली?

भयपटात रक्ताचे पाट वाहू लागले की भीती संपते, नुसती किळस उरते, असं काहीजण म्हणतात. सरसकट नाही पटत. १९८२ चा 'द थिंग' घ्या. चिरफाड भरपूर, पण खरा घाम फुटतो तो, आपल्यातला माणसाचं रूप घेतलेला परग्रहावरचा जीव कोण हे ओळखायला सगळ्यांचं रक्त तपासतात, त्या प्रसंगात. एकेकाच्या बशीतल्या रक्ताला तापलेली तार टेकवायची, चर्र आवाज, पुढची बशी. मध्येच वादावादी होते, आपणही जरा सैलावतो आणि बोलता बोलता एका बशीतलं रक्त उसळतं! तिथून पुढचा रक्तपात अंगावर येतो तो या ताणामुळेच. उलट 'टेक्सास चेनसॉ मॅसकर' (१९७४) रक्तरंजित म्हणून बदनाम, पण पडद्यावर रक्त फारच कमी. करवतीची घरघर आणि किंकाळ्याच डोक्यात बसतात. मला वैताग येतो तो दर पाच मिनिटांनी कानाशी ढॅण् करणाऱ्या सिनेमांचा.